तेहतीस फुटांची साखळी आणि सहा मैलांचा चौकोन

लेकीच्या एका सहकाऱ्याच्या शेतावर जायला आम्ही निघालो, तेव्हा त्याने पत्ता म्हणून केवळ दोन रस्त्यांचे आकडे कळवले होते. एक रस्ता नऊशे उत्तर, दुसरा पंधराशे पूर्व. जिथे ते एकमेकांना छेदतात तिथून दुसरे घर. गावाचे नाव नाही, वाडीचे नाव नाही, ओढ्यापलीकडे, देवळाच्या मागे, चिंचेखालून डावीकडे असे काहीही नाही. "बाबा, इथे आकडे पुरतात," असे लेक म्हणाली, आणि खरोखरच पुरले. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील शॅम्पेन कौंटीत (कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ग्रामीण रस्ते एकेक मैलावर उभे-आडवे आखलेले आहेत आणि शंभर आकडा म्हणजे एक मैल या हिशेबाने त्यांना नावे दिलेली आहेत. पत्त्यातच अंतर आणि दिशा असल्यामुळे नकाशा जवळ नसला तरी चालते.

माझी सारी नोकरी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून गेली. शंकू-साखळीने सुरुवात केली, पुढे फलकयंत्र आले, निवृत्तीच्या आसपास ईटीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन हे मोजणीचे मशीन हाती आले. मोजणीला गेल्यावर दोन्ही बाजूंचे खातेदार, त्यांचे भाऊबंद, पोलीस पाटील आणि एखादे रागावलेले म्हातारे माणूस यांच्या गराड्यात उभे राहून हद्दीचा दगड शोधण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला असा रेघांनी आखलेला मुलूख पाहून जे वाटले त्याला कौतुक म्हणावे की मत्सर, हे मला अजून ठरवता आलेले नाही. गेली काही वर्षे उन्हाळ्याचे चार-पाच महिने मी लेकीकडे अर्बाना येथे असतो, आणि तिथून दक्षिणेला असलेली फायलो नावाची टाउनशिप हा माझा फिरण्याचा आणि विचार करण्याचा विषय झाला आहे.

टाउनशिप या शब्दाचा आधी खुलासा केला पाहिजे, कारण आपल्याकडे हा शब्द शहराबाहेरच्या उंच इमारतींच्या संकुलासाठी रूढ झाला आहे. इलिनॉयमध्ये टाउनशिप म्हणजे सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा शेतजमिनीचा चौकोन आणि त्या चौकोनाचे स्वतःचे निवडून आलेले छोटे सरकार. तिला गावठाण नसते. घरे आपापल्या शेतावर विखुरलेली असतात, एका घरातून दुसऱ्या घराचे छप्पर दिसते पण हाक ऐकू जात नाही. फायलो नावाचे एक लहान गावही या चौकोनात आहे, रेल्वेमार्गाच्या कडेला वसलेले, दीड हजाराच्या आतबाहेर वस्तीचे. परंतु ते गाव ही कायद्याने वेगळी संस्था आहे, तिचे मंडळ वेगळे, अध्यक्ष वेगळा. गावातला माणूस एकाच वेळी गावाचा, टाउनशिपचा, कौंटीचा आणि शाळा-जिल्ह्याचा करदाता असतो. या गावाच्या पाण्याच्या टाकीवर मोठ्या अक्षरांत 'विश्वाचे केंद्र' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द रंगवलेले आहेत. चारही दिशांना क्षितिजापर्यंत मका आणि सोयाबीन यांशिवाय काही दिसत नसताना टाकीखाली उभे राहिले, की तो विनोद आहे हे ठाऊक असूनही क्षणभर पटतो.

हा चौकोन आला कुठून, याचे उत्तर २० मे १७८५ रोजी अमेरिकेच्या तत्कालीन काँग्रेसने संमत केलेल्या जमीनविषयक आदेशात आहे. स्वातंत्र्ययुद्धाच्या कर्जाने वाकलेल्या नव्या राष्ट्राकडे पैसा नव्हता, पण ओहायो नदीपलीकडच्या जमिनीवर त्याने हक्क सांगितला होता. ती विकायची तर आधी मोजली पाहिजे. म्हणून पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवर, ओहायो नदीच्या काठी एक आरंभबिंदू ठरवला गेला आणि टॉमस हचिन्स या अधिकाऱ्याच्या हाताखाली मोजणी पश्चिमेकडे सरकू लागली. सहा मैलांचा एक चौकोन, त्याचे एकेक चौरस मैलाचे छत्तीस भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. त्यातला सोळावा भाग शाळेसाठी राखीव ठेवायचा, हे तेव्हाच लिहून ठेवले होते. माणसे यायच्या आधी शाळेची जागा ठरवणारा कायदा, हे वाचून मी चष्मा काढून ठेवला होता. प्रत्यक्षात त्या राखीव जमिनी बहुतेक ठिकाणी लवकरच आणि स्वस्तात विकल्या गेल्या, हे नंतर कळले तेव्हा मात्र आपल्याकडच्या गायरानांची आठवण झाली आणि नवल वाटले नाही.

या छत्तीस भागांना क्रमांक देण्याची रीत पाहण्यासारखी आहे. ईशान्य कोपऱ्यात एक. तिथून पश्चिमेकडे जात सहापर्यंत. मग खाली उतरून सात, आणि तिथून उलट पूर्वेकडे. १७९६ च्या कायद्याने ही पद्धत कायम झाली. शेताच्या टोकाला बैल वळावेत आणि दुसरे तास उलट दिशेने यावे, तसे हे आकडे वळतात. आमच्या खात्यातही गावनकाशावर सर्व्हे नंबर शक्यतो असेच शेजाराशेजाराने ओघात दिलेले असतात, म्हणजे एका नंबरावरून दुसऱ्यावर जाताना मोजणीदाराची विनाकारण पायपीट होऊ नये. आकडे घालणारी माणसे कोणत्याही देशातली असोत, त्यांचे पाय दुखतातच.

मला खरा धक्का बसला तो साखळीपाशी. हे सारे मोजले गेले ते गंटरच्या साखळीने. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही साखळी सुचवली: लांबी ६६ फूट, कड्या शंभर, ऐंशी साखळ्यांचा एक मैल, दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. आता मुंबई इलाख्यातली आमची साखळी आठवा. ती ३३ फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. तेहतीस म्हणजे सहासष्टचे निम्मे! ज्या गुंठ्यावरून माझ्यासमोर सख्ख्या भावांनी एकमेकांची गचांडी धरली, ज्या गुंठ्याच्या भावाने पुण्याभोवतालची गावे उलटीपालटी झाली, तो गुंठा हा गंटरच्या अर्ध्या साखळीचा चौरस आहे. आणि इलिनॉयच्या काळ्या रानातला प्रत्येक कोपरा त्याच साखळीच्या पूर्ण लांबीने बसवलेला आहे. चाळीस वर्षे हातात धरलेल्या वस्तूचे असे दूरचे नातेवाईक भेटतील, हे मनात आले नव्हते.

नात्यात साम्य असले तरी दोन्हीकडची वागणूक मात्र वेगळी. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात मोजणी आणली तेव्हा गावे, शिवा, बांध, पाणंदी हे सारे आधीपासून होते. प्रिंगल यांचा पहिला प्रयत्न फसल्यावर १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जे काम सुरू केले, त्यात साधारणपणे एका बैलजोडीला वाहता येईल एवढ्या क्षेत्राचा सर्व्हे नंबर धरण्याचे तत्त्व होते. नोकरीची पहिली वर्षे मी त्याच इंदापुरात काढली, आणि तिथले नकाशे काढताना एकही रेघ सरळ येत नाही म्हणून वैतागलोही. ओढा वळला की बांध वळतो, बांध वळला की नंबर वळतो. आपल्याकडे साखळीने माणसाच्या मागे जायचे होते. अमेरिकेत साखळी पुढे गेली आणि माणसे तिच्या मागून आली.

'माणसे मागून आली' हे लिहिताना लेखणी थोडी अडखळली पाहिजे. तिथे माणसे होतीच. शॅम्पेन कौंटीचा हा सारा प्रदेश किकापू लोकांचा होता, आणि १८१९ च्या तहाने त्यांच्याकडून तो सोडवून घेण्यात आला. मोजणीदारांच्या वह्यांत झाडांच्या जाती आहेत, ओलसर जागा आहेत, कोपऱ्यावर खुणेसाठी निवडलेली साक्षीची झाडे आहेत. जिथे गवताळ प्रदेशात झाडच नव्हते तिथे खुंटी ठोकून भोवती मातीचा ढीग केल्याची नोंद आहे. आमच्याही टिपणात बांधावरचे बाभळीचे झाड येई, पण ते कोणाचे हेही लिहिलेले असे.

भूगोल म्हणून फायलोकडे पाहिले तर तिथे डोंगर नाही, नदी म्हणावी अशी नदीही नाही. हिमयुगातल्या बर्फाने सरकताना सोडलेल्या गाळमातीची यांकी रिज नावाची एक बुटकी वरंडी आहे. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ती दाखवावी लागते, आपण होऊन दिसत नाही. तरीही ती पाणलोट वेगळे करते. एका अंगाचे पाणी सॉल्ट फोर्ककडे, दुसऱ्या अंगाचे एम्ब्रॉ नदीकडे जाते; पुढे दोन्ही वॉबॅशला मिळून अखेर ओहायो आणि मिसिसिपीत जातात. एम्ब्रॉ हे नाव मूळचे फ्रेंच, त्याचे स्पेलिंग वाचून कोणी उच्चार करू लागला की परगावचा माणूस लगेच ओळखू येतो.

माती काळी आहे, इतकी काळी की पहिल्यांदा नांगरलेले रान पाहून मला बार्शी-मंगळवेढ्याकडची जमीन आठवली. पण हे काळेपण वेगळ्या कुळातले. आपली काळी माती काळ्या दगडाच्या झिजेतून झाली, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. ही हजारो वर्षे कुजलेल्या गवताच्या मुळांनी काळी झाली आहे. ड्रमर नावाची ही माती इलिनॉयची राज्य-मृदा म्हणून घोषित आहे. आणि आजचे हे सोन्यासारखे रान दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी कोणाला नको होते, कारण वर्षातले कित्येक महिने ते पाण्याखाली असे, डास आणि हिवताप माजत. आज जे कोरडे, सपाट शेत दिसते, त्याच्या पोटात भाजलेल्या मातीच्या नळ्यांचे जाळे आहे. शेतातले पाणी त्या नळ्यांत झिरपते, तिथून खणलेल्या सरळ चरांत उतरते, आणि चरांतून ओढ्यांत जाते.

पण पाण्याला मैलाची रेघ कळत नाही. तुमच्या शेतातली नळी शेजाऱ्याच्या शेतातून जाते, त्याची नळी टाउनशिपची हद्द ओलांडून पलीकडे जाते. म्हणून चौकोनी सरकाराशेजारी दुसरे एक वेड्यावाकड्या आकाराचे सरकार उभे करावे लागले. १८७९ च्या कायद्याच्या आधारे निचरा-जिल्हे निर्माण झाले. त्यांची हद्द पाणलोटाप्रमाणे असते, आणि त्यांचे आयुक्त लाभधारक जमिनीवर आकारणी करून चर आणि नळ दुरुस्त ठेवतात. इलिनॉयमध्ये अमेरिकेतल्या कोणत्याही राज्यापेक्षा जास्त स्थानिक सरकारे आहेत, त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक भरते, ही गोष्ट तिथे चेष्टेचा विषय आहे. शाळेचे मंडळ वेगळे, अग्निशमनाचे वेगळे, ग्रंथालयाचे वेगळे. मला मात्र निचरा-जिल्ह्याविषयी आदर वाटतो. सरळ रेघांच्या देशात पाण्याच्या उताराला स्वतःचे सरकार द्यावे लागले, यात त्या चौकोनाची कबुली आहे.

राज्याच्या १८४८ च्या घटनेने कौंटीतल्या मतदारांना टाउनशिप पद्धत स्वीकारण्याची मुभा दिली. आज १०२ पैकी ८५ कौंट्यांमध्ये ती आहे, उरलेल्या सतरांत नाही. कायद्याने टाउनशिपवर मुख्यतः तीन कामे सोपवलेली आहेत: निराधारांना तात्पुरते साहाय्य, मालमत्तेचे मूल्यांकन आणि ग्रामीण रस्ते-पूल. सुपरवायझर हा प्रमुख, त्याच्यासोबत चार विश्वस्त, एक लेखनिक. रस्त्यांसाठी वेगळा निवडून आलेला आयुक्त. आणि मूल्यांकन करणारा अधिकारी, जो लोकसंख्या फार कमी असेल तर दोन-चार टाउनशिपांचा मिळून एक असतो. म्हणजे ग्रामसेवक, तलाठी आणि बांधकाम खात्याचा उपअभियंता यांची कामे शेजारपाजारचीच माणसे, बहुतेक वेळा स्वतः शेती करणारी, निवडणुकीने करतात. बदली नाही, प्रतिनियुक्ती नाही. ज्याच्या रस्त्याला खड्डा आहे तो आयुक्ताला दूध आणायला गेल्यावर गाठतो.

मूल्यांकनाची रीत ऐकून मी पुन्हा इंदापुरात पोहोचलो. शेतजमिनीवरचा कर तिथे बाजारभावावर ठरत नाही, तर मातीच्या उत्पादनक्षमतेच्या निर्देशांकावर ठरतो. ड्रमर मातीचा आकडा वरचा, उतारावरच्या झिजलेल्या मातीचा खालचा. विंगेट यांच्या पद्धतीत आमची प्रतबंदी हीच होती: मातीची खोली पाहायची, रंग पाहायचा, चोपण आहे का, चुनखडी आहे का, पाणी साचते का, हे दोष वजा करायचे, आणि सोळा आण्यांच्या हिशेबात जमिनीची प्रत लावायची. फरक एवढाच की आमची प्रतबंदी सातबाऱ्यावर आकाराच्या चार-दोन रुपयांपुरती उरली आणि कोणी तिच्याकडे पाहत नाही. तिथे तिच्यावर दरवर्षी शाळा चालते, कारण मालमत्ता कराचा सर्वांत मोठा हिस्सा शाळांकडे जातो.

एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी टाउनशिपची वार्षिक सभा असते. यंदा लेकीच्या त्या सहकाऱ्याबरोबर मी त्याच्या टाउनशिपच्या सभेला गेलो. जागा म्हणजे रस्ते विभागाची पत्र्याची शेड. एका बाजूला ग्रेडर आणि बर्फ हटवण्याचे पाते, दुसऱ्या बाजूला घडीच्या खुर्च्या. मतदार अकरा, पाहुणा मी एक. राष्ट्रध्वजाची शपथ झाली, जमलेल्यांतूनच सभेपुरता अध्यक्ष निवडला गेला, मागील इतिवृत्त वाचले, सुपरवायझरने जमाखर्च सांगितला. निराधार साहाय्याच्या मदतीला वर्षभरात दोनच कुटुंबे आली होती, त्यांची नावे अर्थातच घेतली नाहीत. रस्ते आयुक्ताने यंदा कोणत्या तीन मैलांवर डांबर शिंपडून बारीक खडी पसरणार हे सांगितले, तेव्हा मात्र सभेत जीव आला. चौथा मैल का नाही? त्या मोरीचे काय? बिया वाहणाऱ्या मोठ्या गाड्या कोणत्या बाजूने जाणार? एका आजीबाईंनी दफनभूमीच्या कडेचे गवत फार बुटके कापू नका असे बजावले, कारण मूळच्या गवताळ रानाचा जो काही अंश या भागात उरला आहे तो अशा जुन्या दफनभूमींत आणि रेल्वेच्या कडेलाच. पुढच्या वर्षीच्या सभेची वेळ ठरली आणि पस्तीस मिनिटांत खुर्च्या घडी झाल्या.

आपल्या ग्रामसभेशी तुलना मनात येणारच. आपल्याकडे वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसे लागतात, आणि ती न भरल्याने तहकूब झालेल्या सभा मी मोजणीच्या निमित्ताने गावोगाव पाहिल्या आहेत. त्या तहकुबीवर हसणे सोपे आहे. पण आपल्या ग्रामसभेपुढे घरकुलाची यादी असते, पाणीयोजना असते, गावठाणाची जागा असते, दोन-तीन पिढ्यांचे वैर असते. त्या शेडमध्ये तीन मैल खडी होती. पस्तीस मिनिटांत उरकणारी लोकशाही मला आवडली, पण ती हलकी आहे म्हणून उरकते, हेही माझ्या लक्षात आले. तिथेही टाउनशिप हवी की नको असा वाद चालूच असतो; शिकागोजवळच्या एव्हनस्टन शहराने २०१४ साली आपली टाउनशिप विसर्जित करून तिचे काम शहराकडे घेतले. शहरात ते शोभते. जिथे शहरच नाही तिथे ते काम कोणाकडे द्यायचे, हे मला कोणी सांगितले नाही.

सभेनंतर एका विश्वस्ताशी गप्पा झाल्या. कुंपणाचा तंटा झाला तर कायद्याने विश्वस्तच पदसिद्ध 'कुंपण-निरीक्षक' असतात, ते जागेवर जाऊन कोणी किती कुंपण सांभाळायचे हे ठरवतात, असे त्याने सांगितले. मी विचारले, असे तंटे किती येतात? तो म्हणाला, जनावरे गेली, कुंपणे गेली, आता मक्याला कुंपण कशाला? मी त्याला आपल्याकडचा बांध काय असतो ते समजावून सांगू लागलो: मशागत करताना दरवर्षी नांगराचे एक तास पुढे सरकवून बांध कसा कोरला जातो, आणि हद्द कायम करायला मोजणीदार आला की दोन्ही बाजूंचे लोक कसे जन्माचे साधू होतात. तो मनापासून हसला आणि म्हणाला, आमच्याकडे कोपरे पक्के आहेत.

जूनच्या अखेरीस, मका कमरेला आल्यावर, ते कोपरे पाहायला मी लेकीला घेऊन गेलो. ज्या चौरस्त्यावर चार चौरस मैल एकत्र येतात, त्याच्या बरोबर मध्यावर डांबरात एक लहान लोखंडी झाकण आहे, आणि त्याखाली मूळ कोपऱ्याची खूण जपलेली आहे. या रेघेच्या दोन्ही बाजूंना तेहतीस-तेहतीस फूट सोडून रस्त्याची सहासष्ट फुटांची पट्टी होते. म्हणजे अलीकडच्या शेतकऱ्याची आमची एक साखळी, पलीकडच्याची एक. गाडी कडेला लावून मी लेकीकडून टेप घेतला. रस्त्याच्या मध्यरेषेवरून, डांबर संपून, गवताचा चर ओलांडून मी मक्याच्या पहिल्या ओळीपर्यंत गेलो. टेप सत्तावीस फूट चार इंच दाखवत होता. दुसऱ्या बाजूलाही मोजले. तिथे पूर्ण तेहतीस भरले. मी खिशातल्या वहीत टिपण काढले, बाण उत्तरेकडे केला, आणि अंतर जुन्या सवयीने आण्यांत लिहिले: सव्वातेरा.

"बाबा," टेप गुंडाळत लेक म्हणाली, "आता इथे नोटीस काढू नका."